साल्मोनेला जंतूंतील प्रतिजैवरोध

प्रतिजैव पदार्थांच्या सान्निध्यातही जगण्याची व वाढण्याची साल्मोनेला जंतूंनी मिळविलेली क्षमता. हे जंतू मुख्यत्वे मांस, अंडी व दूध यांतून मानवी आतड्यात शिरतात. डुकरे व कोंबड्या जलद वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात पेनिसिलीन व टेट्रासायक्लिने अल्प मात्रेत मिसळण्यास ब्रिटनमध्ये १९५३ पासून परवानगी होती. अशा वापराने संवेदनक्षम जंतू मागे पडतात व रोधी जंतू टिकून वाढतात. शिवाय रोधाची जनुके एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीच्या जंतूत जाऊ शकतात, हे जपानमध्ये १९५९ च्या सुमारास आमांशाच्या जंतूंवरून दिसून आले.

ब्रिटनमध्ये १९६४–६५ च्या सुमारास वासरांत पसरलेला साल्मोनेला टायफिम्यूरियमचा बहुरोधी प्रकार माणसांतही आढळला. ई. एस्. अँडरसन यांनी या धोक्याकडे लक्ष वेधले. मानवी उपचारांत महत्त्वाचे असलेले प्रतिजैव पदार्थ पशूंच्या वाढीसाठी वापरू नयेत, अशी शिफारस स्वॉन समितीने १९६९ मध्ये केली. तथापि पशूंच्या रोगांवरील त्यांचा वापर चालूच राहिला. पुढे डीटी १०४ हा प्रकार अनेक देशांत पसरला. तो सामान्यतः अँपिसिलीन, क्लोरँफिनिकॉल, स्ट्रेप्टोमायसीन, सल्फोनामाइडे व टेट्रासायक्लिने यांना दाद देत नाही. असे जंतू रक्तात शिरल्यास उपचारांचे मोजकेच पर्याय उरतात. यूरोपीय संघाने पशूंच्या वाढीसाठी होणारा प्रतिजैव पदार्थांचा वापर २००६ मध्ये पूर्णतः थांबविला. भारताने अन्नासाठी पाळलेल्या पशूंत कोलिस्टीन वापरण्यास २०१९ मध्ये बंदी घातली.