बेलापूर, बेलापुर आणि बेलापुरात

बेलापूर म्हटलं की मुंबईकरांना सीबीडी आठवतं. मी म्हणतोय ते नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं. (जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झालाय, पण जिभेला सवय व्हायला वेळ लागणार.) दौंड-मनमाड लाइन १८७८ मध्ये सुरू झाली. स्थानकाला नाव मिळालं बेलापूर, पण त्याच्याभोवती जे शहर वाढलं ते श्रीरामपूर! तिकिटाच्या सिस्टिमला या गोंधळाशी काही देणंघेणं नाही. तिला कोड कळतो, बीएपी.

वेबवाल्यांच्या भाषेत ही झाली रिसोर्स की. जावामध्ये रिसोर्स बंडल १९९७ च्या जेडीके १.१ पासून आहे. २००५ च्या एएसपी डॉट नेट २.० नं हीच सोय थेट पानावरच्या कंट्रोल्सच्या प्रॉपर्टीपर्यंत आणली. म्हणजे लेबलच्या टेक्स्टमध्ये शब्द लिहायचाच नाही, फक्त की लिहायची. पान तयार होताना वाचकाची भाषा बघून शब्द शोधला जातो. आधी 'मराठी-भारत' फाइल, मग नुसती मराठी, तीही नसेल तर डीफॉल्ट, जी बहुतेक वेळा इंग्रजीच असते.

या साखळीत हिंदी कुठेच येत नाही, हे मला फार आवडतं. लिपी एकच म्हणून हिंदीची फाइल कॉपी करून तिला मराठी म्हणणारी आपली माणसंच. हिंदीत बेलापुर, मराठीत बेलापूर. गावाच्या नावातला 'पू' दीर्घ लिहावा, हा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपैकीच एक. एका मात्रेसाठी वेगळी फाइल? हो, तेवढ्यासाठीसुद्धा!

की मात्र कायम राहायला हवी, असं आपलं इंजिनिअरांचं मत. रेल्वेला ते मान्य नसावं. बॉम्बे सेंट्रलचा बीसीटी २०१८ मध्ये एमएमसीटी झाला. नाव बदललं म्हणून कीसुद्धा बदलली. जुना कोड जिथे जिथे लिहून ठेवलेला असेल, तिथे कुणीतरी रात्र जागवली असणार.

असो. खरी गंमत पुढेच आहे. समजा, 'गाडी बेलापुरात पोचली' असं दाखवायचंय. इंग्रजीत नावासाठी रिकामी जागा सोडली की काम झालं. मराठीत बेलापूरला 'आत' लागला की 'पू' ऱ्हस्व होतो. 'ला' लावला तर दीर्घच राहतो, बेलापूरला. म्हणून 'ला' वापरून सुटका करून घ्यावी, तर याच लाइनवर पुढे पुणतांबा येतं आणि 'पुणतांबाला' कोण म्हणतं? पुणतांब्याला!

सरकारी मराठीतलं 'येथे' मला पूर्वी रुक्ष वाटायचं. पण टेम्प्लेट लिहिणाऱ्यासाठी ते वरदान आहे. बेलापूर येथे, पुणतांबा येथे, नाव जसंच्या तसं. ज्याला 'बेलापुरात'च हवंय, त्यानं प्रत्येक गावासाठी दुसरी नोंद ठेवावी. डेटाबेसवाला कुरकुर करेल, करू दे.