डॉक्टरांच्या नळीचा इतिहास : डॉ. रने लाएनेक (१७८१–१८२६)

आजाऱ्याच्या घरीं पवित्र संस्कार घेऊन जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हां पुष्कळदां डॉक्टर आमच्या आधींच तेथें आलेले असतात. त्यांच्या कानांत ती परिचित नळी असते आणि घरचीं माणसें त्यांच्या मुखाकडे टक लावून पाहत असतात. ही नळी, म्हणजे स्टेथास्कोप, ज्यांनीं जगास दिली ते एक श्रद्धावान कॅथॉलिक वैद्य होते, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून ह्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत त्यांचें चरित्र संक्षेपानें देत आहें.

रने लाएनेक ह्यांचा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत केंपेर येथें १७ फेब्रुवारी १७८१ रोजीं झाला. मातृसुखास ते लहानपणींच अंतरले. नांत शहरीं वैद्यकी करणाऱ्या चुलत्यांनीं त्यांचा सांभाळ केला व वैद्यकाचे पहिले धडेही दिले. १८०१ सालीं ते पॅरिसला गेले आणि १८०४ सालीं डॉक्टर झाले. राज्यक्रांतीच्या धामधुमींत मंदावलेली त्यांची श्रद्धा ह्याच विद्यार्थीदशेंत पुनः जागृत झाली, ती अखेरपर्यंत टिकली.

१८१४ सालीं युद्धांत घायाळ व आजारी झालेले सैनिक पॅरिसच्या रुग्णालयांत येऊन पडले. त्यांत ब्रिटनीचे खेडवळ तरुण होते. त्यांस फ्रेंच भाषा येत नसे, आणि त्यांचें दुखणें कोणास समजत नसे. लाएनेक ह्यांनीं त्यांस एकत्र ठेवविलें व त्यांची ब्रेटन भाषा जाणणाऱ्या डॉक्टरांच्या हातीं सोपविलें. रोग्याचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें, हा त्यांचा स्वभावच होता.

१८१६ सालीं नेकर रुग्णालयांत हृदयविकाराची एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. शरीर स्थूल असल्यामुळें बोटांनीं छाती ठोकून कांहीं कळेना. छातीस कान लावणें तिच्या वयास व मर्यादेस शोभणारें नव्हतें. लाकडाच्या एका टोकास टांचणीनें ओरखडलें असतां दुसऱ्या टोकास तो आवाज स्पष्ट ऐकूं येतो, हें त्यांस आठवलें. त्यांनीं कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर ठेविलें, दुसरें कानास लाविलें. आणि हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षां स्पष्ट ऐकूं आले. पुढें त्यांनीं सुमारें एक फूट लांबीची लाकडी नळी तयार केली.

परंतु नळीपेक्षां त्यांचें खरें कार्य मोठें होतें. रोग्याच्या छातींतील प्रत्येक आवाज ते टिपून ठेवीत. रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून तो आवाज फुफ्फुसाच्या कोणत्या विकृतीमुळें येत होता, हें पडताळून पाहत. असें तीन वर्षें करून त्यांनीं १८१९ सालीं आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. फुफ्फुसदाह, श्वासनलिकांचें रुंदावणें, छातींत हवा भरणें, अशा अनेक विकारांची लक्षणें त्यांत स्पष्ट झालीं.

क्षयाचीं निरनिराळीं रूपें हीं एकाच रोगाचीं होत, असेंही त्यांनीं सांगितलें. ब्रूसे ह्यांनीं त्यांस कडवा विरोध केला. पुढें जर्मनीचे थोर पंडित फिर्खो ह्यांसही हें मत मान्य झालें नाहीं. १८८२ सालीं कॉख ह्यांनीं क्षयाचा जंतु शोधला, तेव्हां लाएनेक ह्यांचें म्हणणें खरें ठरलें. मात्र त्यांची एक चूकही सांगितली पाहिजे : क्षय हा संसर्गानें होतो हें त्यांस पटलें नव्हतें, दीर्घकाळचें दुःख हें त्याचें मोठें कारण, असें ते मानीत.

त्याच रोगानें त्यांसही गांठलें. १८२६ सालीं ग्रंथाची दुसरी आवृत्ति पुरी करून ते ब्रिटनीस परतले. त्यांच्याच पुतण्यानें त्यांच्याच नळीनें त्यांची छाती तपासली, आणि जें ऐकलें त्याचा अर्थ दोघांसही कळला. १३ ऑगस्ट १८२६ रोजीं, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला.

प्रिय बंधुभगिनींनो, त्यांच्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतें. आज आहे, आणि तें नेटानें पुरें घेतलें असतां रोगी बरा होतो. तरीही मुलीचें लग्न मोडेल, शेजारी दूर होतील, ह्या भीतीनें आपल्या घरांतून खोकला लपविला जातो. तो दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर तपासणी करावी. ज्यानें मरणापूर्वीं स्वतःच्या छातीचें खरें ऐकून घेतलें, त्याच्या स्मृतीस ह्याहून योग्य मान दुसरा नाहीं.