धाराशिव येथील विद्यापीठ उपपरिसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

उच्च शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांच्या स्थापनेची नोंद सविस्तरपणे घेतली जाते. मुख्य परिसरापासून दूर उभ्या राहिलेल्या उपपरिसरांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आणि विद्यार्थ्याचे गाव यांमधील अंतर कमी करण्याचे कार्य हे उपपरिसरच करीत असतात. प्रस्तुत लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील उपपरिसराचा मराठवाड्याच्या शैक्षणिक भूगोलाच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

निजामी राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी हैदराबादकडे पाहावे लागे. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी भाषकांपुढील अडचण केवळ अंतराची नव्हती, भाषेचीही होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठवाड्यात होते. विद्यापीठ दारी आले. परंतु ते दार उस्मानाबादपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर होते. उमरग्यासारख्या सीमावर्ती तालुक्याला तर हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक पडे.

विभाजनाचा परिणाम :

1982 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर नांदेडच्या कार्यक्षेत्रात गेले, तर उस्मानाबाद औरंगाबादकडेच राहिले. बारा वर्षांपूर्वीपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेली गावे अशा रीतीने दोन विद्यापीठांत विभागली गेली. सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाची झळ या दोन्ही जिल्ह्यांना एकत्रितपणे बसली होती, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. नव्या विद्यापीठामुळे नांदेड, लातूर व परभणीचे अंतर घटले. उस्मानाबादचे मात्र तसेच राहिले.

2004 : दोन निर्णय :

या पार्श्वभूमीवर 2004 मध्ये उस्मानाबाद येथे विद्यापीठाचा उपपरिसर सुरू झाला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला शेजारच्या सोलापूर येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते ठेवण्यात आले. सोलापुरात त्यापूर्वी शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र कार्यरत होते. सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरील दोन शहरांपैकी एकास विद्यापीठ व दुसऱ्यास उपपरिसर मिळाला. महाविद्यालयांची संख्या, नागरी लोकसंख्या व औद्योगिक पाया यांतील फरक पाहता हा निर्णय अनाकलनीय नव्हता. तथापि त्याचे परिणाम दूरगामी ठरले.

स्वरूप व सुविधा :

उपपरिसरात व्यवस्थापनशास्त्र, शिक्षणशास्त्र, इंग्रजी, गणित, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान असे विभाग विकसित झाले. विज्ञान विभागांचे महत्त्व येथे विशेष आहे. कला शाखेचा विद्यार्थी एखाद्या महाविद्यालयात राहून पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकतो. प्रयोगशाळेशिवाय रसायनशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण संभवत नाही. भूम, परंडा, कळंब, लोहारा येथील विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः विद्यार्थिनींसाठी, घरापासून एस.टी.च्या टप्प्यात असलेली प्रयोगशाळा ही सुविधा नसून शिक्षण सुरू राहण्याची पूर्वअट ठरते. याच जिल्ह्यात तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर 1980 च्या दशकापासून कार्यरत असून दुष्काळ, स्थलांतर व ग्रामविकास यांच्याशी त्याने अभ्यासाची सांगड घातली आहे. स्थानिक प्रश्नांतून अध्ययनविषय घडविण्याचा तो जवळचा आदर्श होय.

उपकेंद्राकडून विद्यापीठाकडे :

उपकेंद्राचे विद्यापीठात रूपांतर होण्याची उदाहरणे इतिहासात आढळतात. मुंबई विद्यापीठाने 1965 मध्ये पणजी येथे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र सुरू केले; वीस वर्षांनी, 1985 मध्ये, गोवा विद्यापीठ कार्यरत झाले. सोलापूरचा प्रवासही याच दिशेने झाला. धाराशिवच्या उपपरिसराने 2024 मध्ये दोन दशके पूर्ण केली. मात्र त्याचे स्वरूप उपपरिसराचेच राहिले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये उपपरिसर संचालक या पदाची तरतूद आहे. परंतु अभ्यास मंडळे, विद्या परिषद व व्यवस्थापन परिषद मुख्य विद्यापीठाचीच असतात. म्हणजे अध्यापन जवळ आले, निर्णय दूरच राहिला.

समारोप :

2018 मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबादचा समावेश झाला. अशा जिल्ह्यात उपपरिसराचे मूल्यमापन इमारती व विभागांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरेल. नवा विषय सुरू करणे, अध्यापकपदे भरणे व स्थानिक संशोधनास निधी देणे यांबाबत त्यास कितपत अधिकार आहे, हाच खरा निकष मानावयास हवा. स्वतंत्र विद्यापीठ हा त्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. 1958 मध्ये मराठवाड्याने हैदराबादचे अंतर संपविले. जिल्ह्याच्या पातळीवर ते कार्य अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे.