शीतकपाटाचा खटका

गृहोपयोगी वस्तूंचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. किल्ले, ताम्रपट आणि वंशावळी यांवर आपल्या मंडळींनी पुष्कळ श्रम घेतले. परंतु स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रालाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. माझ्याही आले नव्हते. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर वडिलांचे जुने शीतकपाट पुन्हा रोजच्या वापरात आणण्याचे मनावर घेतले, तेव्हा त्या इतिहासाशी गाठ पडली.

भारतात शीतकपाटांचे उत्पादन १९५८ साली गोदरेजने सुरू केले. आमच्या हैदराबादलाही या धंद्याची परंपरा आहे. निजामी अमलात १९४२ साली स्थापन झालेल्या ऑल्विनच्या कारखान्यातून बसगाड्यांचे सांगाडे आणि लोखंडी कपाटे निघत, तशी पुढे शीतकपाटेही निघू लागली. आमच्या कपाटावरची नावाची पट्टी केव्हाच गळून पडली आहे. तेव्हा ते कोणाचे, हा वाद नको. वडिलांनी ते १९६० च्या दशकात घेतले. गोलसर खांदे, जाड पत्रा, आत ॲल्युमिनियमचा लहानसा बर्फाचा कप्पा आणि दाराला चकचकीत मूठ. ती ओढली की खटका ‘खट्ट’ असा वाजे. दुपारी आई झोपलेली असताना थंड पाणी चोरून घेणे त्या आवाजामुळे अशक्य होते.

१९८० च्या सुमारास कप्प्यात साचलेला बर्फ आमच्यापैकी कोणीतरी सुरीने खरवडला. कोणी, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. ॲल्युमिनियमला भोक पडले, वायू उडून गेला आणि पुढील तीसहून अधिक वर्षे ते कपाट पापड-कुरडया ठेवण्याच्या कामी आले.

आता हा वायू कोणता, याचा शोध घेऊ लागलो आणि एका विलक्षण हकिकतीपर्यंत पोहोचलो. घरगुती शीतकपाटे १९२० च्या दशकात अमेरिकेत रुळू लागली, तेव्हा त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. तिन्ही विषारी. सल्फर डायऑक्साइडची एक सोय होती, गळती झाली तर उग्र दर्पाने माणूस घराबाहेर पळे. मिथाइल क्लोराइडला असा दर्प नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत त्याच्या गळतीने माणसे दगावली. बर्लिनमधील एक कुटुंब अशाच गळतीने मेल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन आणि त्यांचे तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांनी १९२६ पासून हलणारा भागच नसलेल्या शीतकपाटाचे आराखडे केले. सापेक्षतावादाच्या जनकाने स्वयंपाकघरातील यंत्रावर एकस्वे मिळवली, हे ऐकून आमच्या मंडळाच्या सभेत कोणाचा विश्वासच बसेना!

उत्तर मात्र सापडले ते थॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञाच्या गटाला. त्यांनी शोधलेला फ्रिऑन विषारी नव्हता आणि पेटतही नव्हता. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलींनी तो छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून समोरची मेणबत्ती विझवून दाखवली. आमच्या कपाटात हाच फ्रिऑन-१२ होता. पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की हा निरुपद्रवी वायू वातावरणात उंच जाऊन ओझोनचा थर पोखरतो. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत या वायूंचे उत्पादन जगभर जवळपास बंद झाले. म्हणजे सुरीच्या एका टोकाने आमच्या घरानेही त्या पापात आपला वाटा उचलला होता.

दुरुस्तीसाठी मला मिळालेले मिस्त्री पन्नाशीतले, मितभाषी. त्यांनी कपाट उघडून पाहिले आणि जवळजवळ सारे पोट बाहेर काढायला सांगितले. यंत्रणा इतकी वर्षे उघडी राहिल्याने कॉम्प्रेसरमध्ये दमट हवा शिरली होती. तारांवरचे रबर बोट लावताच भुगा होऊन पडले. भिंतीतील काचेची लोकर ओली होऊन बसली होती. अर्थिंग तर कधी नव्हतेच. लहानपणी ओल्या हाताला येणारी झिणझिणी आम्ही थंडाव्याचाच गुण समजत असू! कॉम्प्रेसर, नळ्या, बर्फाचा कप्पा आणि तारा असे सगळे नवे घातले. वायू आयसोब्यूटेन, शंभर ग्रॅमहूनही कमी. तो ओझोनला अपाय करत नाही. पेटतो मात्र, म्हणून आतल्या दिव्याचे बटण आणि थर्मोस्टॅट यांची ठिणगी त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था करावी लागली.

इतके सारे मी निमूटपणे मान्य केले. खटक्यापाशी मात्र अडलो. तो तरी मूळचा राहू द्या, असा माझा हट्ट होता. मिस्त्रींनी मान हलवली. ‘‘साहब, घर में बच्चे हैं ना? फिर ये खटका नक्को.’’ (हा ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा दक्खनी भाऊ.) खटक्याचे दार आतून उघडत नाही. अमेरिकेत टाकून दिलेल्या शीतकपाटांत लपाछपी खेळताना कित्येक मुले गुदमरून मेली. म्हणून १९५६ साली तेथे कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ नंतर बनलेल्या कपाटांचे दार आतून ढकलता आले पाहिजे, असे बंधन आले. त्यानंतर चुंबकाच्या रबरी पट्टीने मिटणारी दारे रूढ झाली. तो कायदा अमेरिकेपुरता. आमचे कपाट त्यानंतरचे असूनही जुन्याच घडणीचे.

आमचा नातू तेव्हा चार वर्षांचा होता आणि लपाछपीत कोणत्याही कपाटात शिरत असे. मी अधिक काही बोललो नाही.

मिस्त्रींनी खटक्याची जीभ कापून काढली, दाराला चुंबकाची पट्टी बसवली आणि मूठ केवळ शोभेपुरती ठेवली. पट्टी नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी दारात कागदाचा कपटा धरून ओढायचा. तो सहज निघाला तर थंडावा बाहेर जातो. आमचा कपटा चारही बाजूंनी घट्ट बसला.

कपाटात आता दूध, भाजी, आंबोळीचे पीठ असते. दार उघडताना ‘खट्ट’ होत नाही; नातू दुपारी किती वेळा पाणी पितो, ते कळत नाही. कापलेली जीभ माझ्या टेबलाच्या खणात आहे. आणि दर दुसऱ्या रविवारी बर्फ वितळवायचा असतो, तेव्हा वीज बंद करून आत गरम पाण्याचे पातेले ठेवतो. त्या दिवशी सुऱ्या आमची सौभाग्यवती मोजून उचलून ठेवते.