बेसमेंट टेप्स
अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन व पुढे ‘द बँड’ या नावाने प्रसिद्धीस आलेला वाद्यवृंद यांची १९६७ मधील ध्वनिमुद्रणे. ती बव्हंशी न्यूयॉर्क राज्यातील एका घराच्या तळघरात झाली. अन्य गायकांकडे पाठविलेल्या नमुना-प्रतींतून ती बाहेर फुटली. १९६९ मधील ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या अनधिकृत ध्वनिमुद्रिकेत त्यांपैकी काही गीते आली. रॉक संगीतातील चोरट्या ध्वनिमुद्रिकांचा प्रारंभ सामान्यतः येथून मानतात. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना संघीय स्वामित्व हक्काचे संरक्षण तेव्हा नव्हते. ते १९७२ मध्ये मिळाले. १९७५ च्या अधिकृत संचातील काही गीतांत मागाहून वाजविलेली वाद्ये मिसळण्यात आली. २०१४ च्या सहा तबकड्यांच्या संचासाठी मात्र मूळ फितींवरून पुनर्संस्करण करण्यात आले. फितीचे दोष काढणे व तिच्यावर नवा नाद चढविणे यांतील भेद या दोन संचांच्या तुलनेने स्पष्ट होतो.