एक नाव, दोन मापे : इंग्रजी परिमाणनामांतील ब्रिटिश-अमेरिकी भेद

इंग्रजी व्यापारी कागदपत्रांतून आकडेवारी उतरवून घेणाऱ्या अभ्यासकाचे सारे लक्ष आकड्यांवर असते. आकड्यापुढे लिहिलेले परिमाणाचे नाव तो सहसा गृहीत धरून चालतो. गॅलन म्हणजे गॅलन आणि टन म्हणजे टन, त्यात शंका घेण्याजोगे काही असेल असे त्यास वाटत नाही. उलट 'मीटर' हा शब्द लंडनच्या ग्रंथात एका प्रकारे आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथात दुसऱ्या प्रकारे छापलेला दिसला, की तो थबकतो. वस्तुस्थिती नेमकी याच्या विरुद्ध आहे. जेथे अक्षरे भिन्न आहेत तेथे माप एकच आहे. आणि जेथे अक्षरे तंतोतंत सारखी आहेत तेथेच माप भिन्न असण्याचा संभव अधिक.

याच विषयासंबंधी दुसराही एक समज रूढ आहे. इंग्लंड परंपरेचे जतन करणारे आणि अमेरिका परंपरा मोडणारी, या सूत्राने दोन्ही देशांतील सर्व भेदांचा उलगडा करण्याचा प्रघात पडला आहे. वर्णविन्यासाच्या म्हणजे स्पेलिंगच्या बाबतीत हे सूत्र अर्धेच खरे ठरते. मापांच्या बाबतीत तर ते साफ उलटे करून घ्यावे लागते.

प्रथम वर्णविन्यासाचा प्रश्न पाहू जाता, मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे फ्रेंच राज्यक्रांतीची अपत्ये होत. ७ एप्रिल १७९५ च्या फ्रेंच कायद्याने ती प्रथम अधिकृत झाली. 'मीटर'चे मूळ मोजमापाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, तर 'लिटर' हे नाव 'लित्राँ' या जुन्या फ्रेंच मापावरून घडविलेले आहे. इंग्रजीने हे शब्द घेतले ते फ्रेंच रूपातच, म्हणजे अंती 'आर-ई' हा वर्णक्रम ठेवून. परंतु इंग्रजीत हा वर्णक्रम त्यापूर्वीच वादग्रस्त होता. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये छापलेल्या ग्रंथांत 'सेंटर' आणि 'थिएटर' हे शब्द 'ई-आर' या अंत्यक्रमानेही सर्रास आढळतात. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर इंग्लंडात फ्रेंच वळणाचे रूप हळूहळू स्थिरावले.

अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८०६ च्या लहान कोशात व त्यानंतर १८२८ च्या मोठ्या द्विखंडी कोशात 'ई-आर' हा क्रम उचलून धरला. नव्या राष्ट्राची भाषाही लंडनपासून स्वतंत्र असावी, ही त्याची प्रेरणा उघडच राजकीय होती. पण त्याने निवडलेले रूप इंग्लंडमधील पूर्वजांच्या लेखणीत वावरलेलेच होते. त्याच्या कित्येक अतिरेकी सुधारणा त्याच्या देशबांधवांनी कधीच स्वीकारल्या नाहीत, ही गोष्टही नमूद करण्याजोगी आहे. परिमाणनामांपुरते बोलायचे तर 'एकर' हा शब्द अमेरिकेतही जुन्याच अंत्यक्रमाने लिहिला जातो; कारण तेथे अक्षरांची अदलाबदल केल्यास मधल्या 'सी' या अक्षराचा उच्चार 'क' न राहता 'स' असा होऊ लागेल. सुधारणेला उच्चाराने घातलेली ही मर्यादा होय.

'ग्रॅम'ची कथा निराळी आहे. हा शब्द फ्रेंच पद्धतीने अखेरीस 'एम-एम-ई' ही अक्षरे जोडून लिहावा की एका 'एम'वर थांबावे, याविषयी ब्रिटनमध्येच एकवाक्यता नव्हती. अखेर १९८५ च्या वजन-माप कायद्यात ९२ वे कलम खास याच कारणास्तव घालण्यात आले आणि दोन्ही रूपे कायदेशीर ठरविण्यात आली. एका मुक्या अक्षरासाठी पार्लमेंटने कायद्याचे कलम खर्ची घालावे, याचे अन्य देशीयांस कौतुक वाटल्यास नवल नाही.

या भेदाने मापाला धक्का पोहोचत नाही. दशमान परिमाणांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार पॅरिस येथे २० मे १८७५ रोजी झाला, तेव्हा स्वाक्षरी करणाऱ्या १७ राष्ट्रांत अमेरिका होती. ब्रिटन त्यात १८८४ मध्ये सामील झाले. म्हणजे ज्या देशाने शब्दाची अक्षरे फिरविली, तोच त्या मापाच्या करारात इंग्लंडच्या नऊ वर्षे आधी दाखल झाला. अमेरिकेची राष्ट्रीय प्रमाण-संस्था आपल्या प्रकाशनांत सरकारी मुद्रणालयाच्या नियमपुस्तिकेस अनुसरून 'ई-आर' हा क्रम वापरते, आंतरराष्ट्रीय कार्यालयाची इंग्रजी आवृत्ती 'आर-ई' वापरते. चिन्हे मात्र दोहोंकडे समान आहेत. शास्त्रीय व्यवहार चिन्हांवर चालतो, त्यामुळे अक्षरांच्या या भेदाची झळ त्यास लागत नाही.

तथापि अक्षरभेद सर्वथा निरुपयोगी आहे असेही नव्हे. ब्रिटिश लेखनात लांबीचे एकक आणि मोजणीचे यंत्र यांतील फरक अक्षरांवरून कळतो. वायू किंवा वीज मोजणारे मीटर तेथेही 'ई-आर' असेच लिहितात. अमेरिकी लेखनात हा फरक प्रसंगावरून ओळखावा लागतो. 'टन' आणि दशमान 'टन' यांतील भेदही ब्रिटनमध्ये केवळ अक्षरांनी सांभाळला जातो. दोन्ही शब्दांचा उच्चार बहुधा एकच असल्याने बोलताना मात्र पुन्हा 'मेट्रिक' हे विशेषण जोडण्याची पाळी येते. अमेरिकेत लेखनातही हे विशेषण अधिकृत आहे. मराठीने हे शब्द कानाने घेतले. देवनागरीत 'मीटर' एकच, मग ते कापडाचे असो वा रिक्षाचे. ब्रिटिश-अमेरिकी वादाची खूण मराठी लेखनात उरली नाही, हा लाभच. पण 'टन' या एकाच मराठी शब्दात तीन भिन्न वजने सामावली गेली, ही हानीही त्यासोबत आली.

खरा ऐतिहासिक प्रश्न येथे सुरू होतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे गॅलन. राज्यभर मद्याचे, यवसुरेचे व धान्याचे माप एकच असावे अशी अपेक्षा १२१५ च्या मॅग्ना कार्टातच व्यक्त झालेली होती. पाचशे वर्षांनंतरही ती पूर्ण झालेली नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मद्याचा गॅलन २३१ घन इंचांचा, यवसुरेचा २८२ घन इंचांचा आणि धान्याचा सुमारे २६८.८ घन इंचांचा होता. मद्याच्या गॅलनास राणी ॲन हिच्या १७०६-०७ च्या कायद्याने निश्चिती आली. सात इंच व्यासाचे व सहा इंच खोलीचे वर्तुळाकार भांडे हे त्याचे प्रमाण. परीघ व व्यास यांचे गुणोत्तर बावीस सप्तमांश धरल्यास त्याचे घनफळ बरोबर २३१ येते. जकात वसूल करणाऱ्या कारकुनास हिशेब सोपा जावा ही सोय त्यामागे उघड दिसते. धान्यासाठी विंचेस्टर नगराच्या नावाचे बुशेल होते. त्याचे घनफळ २१५०.४२ घन इंच.

ही सारी मापे वसाहतींबरोबर अटलांटिकपार गेली. स्वातंत्र्यानंतर १७८७ च्या राज्यघटनेने परिमाणे ठरविण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. परंतु काँग्रेसने तो दीर्घकाळ वापरलाच नाही. टॉमस जेफर्सनने १७९० मध्ये सुव्यवस्थित योजना सादर केली, जॉन क्विन्सी ॲडम्सने १८२१ मध्ये विस्तृत अहवाल लिहिला. दोन्ही दप्तरात राहिले. अशा स्थितीत ब्रिटिश पार्लमेंटने १८२४ मध्ये जुने तिन्ही गॅलन रद्द करून एकच 'इंपीरियल' गॅलन निर्माण केला. ६२ अंश फॅरनहाइट उष्णतेस व ३० इंच वायुभारास, पितळी वजनांनी हवेत तोललेल्या १० पौंड ऊर्ध्वपातित जलाचे आकारमान, अशी त्याची व्याख्या करण्यात आली. ते २७७.२७४ घन इंच भरले. हा कायदा १ जानेवारी १८२६ पासून अंमलात आला.

अमेरिकेवर या कायद्याची सत्ता नव्हती. जकातनाक्यांवरील मापांत एकसूत्रता आणण्याच्या निमित्ताने अमेरिकी अर्थखात्याने फर्डिनंड हासलर याच्या शिफारशीवरून १८३२ मध्ये राणी ॲनचा २३१ घन इंचांचा गॅलन आणि विंचेस्टर बुशेल हीच प्रमाणे स्वीकारली, आणि १८३६ मध्ये काँग्रेसने सर्व राज्यांना प्रमाणित मापांचे संच पुरविण्याचा ठराव केला. म्हणजे नवे माप घडविले ते राजसत्ताक इंग्लंडने. जुने राजमाप जपले ते प्रजासत्ताक अमेरिकेने. विंचेस्टरचे बुशेल विंचेस्टरच्या देशात लुप्त झाले आणि अमेरिकेच्या धान्यबाजारात नांदत राहिले. अमेरिकी गॅलन लहान कसा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो; इतिहासदृष्ट्या विचारावयाचा प्रश्न ब्रिटिश गॅलन मोठा केव्हा झाला, हा आहे.

फरक किरकोळ नाही. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरांचा, अमेरिकी ३.७८५ लिटरांचा, पहिला दुसऱ्याच्या सुमारे सहापंचमांश भरतो. यामुळे ब्रिटिश हिशेबाने गॅलनला ४० मैल धावणारी मोटार अमेरिकी हिशेबाने जेमतेम ३३ मैल धावते. त्याहून घोटाळ्याची बाब म्हणजे द्रव औंस. ब्रिटिश गॅलनचे १६० औंस, तर अमेरिकी गॅलनचे १२८. परिणामी गॅलन व पाइंट ब्रिटनचे मोठे, पण औंस मात्र अमेरिकेचा मोठा : २९.५७ मिलिलिटर, ब्रिटिश औंस २८.४१. म्हणून 'ब्रिटिश मापे मोठी' असा सरसकट नियम धरून रूपांतर करणारा औंसापाशी फसतो.

वजनाच्या बाबतीत अमेरिकेने थोडी मोडतोड केली, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडात १८३५ च्या कायद्याने १४ पौंडांचा 'स्टोन' व ८ स्टोनांचे म्हणजे ११२ पौंडांचे 'हंड्रेडवेट' पक्के झाले; असे वीस मिळून २२४० पौंडांचा टन. शंभराचे नाव धारण करणाऱ्या मापात एकशेबारा पौंड असावेत ही विसंगती अमेरिकी व्यापाऱ्यांनी दूर केली. त्यांचे हंड्रेडवेट १०० पौंडांचे, टन २००० पौंडांचा. स्टोन तर त्यांनी टाकूनच दिला. पण तेथील जकातविषयक कायद्यात टन २२४० पौंडांचाच राहिला. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी आयातीचा आकडा 'टन' या नावाखाली आढळला, तर तो बाजाराचा टन की जकातीचा, याचा निर्णय झाल्यावाचून त्याची बेरीज अन्य आकड्यांत करणे धोक्याचे ठरते. दशमान टन २२०४.६ पौंडांचा असून तो या दोहोंच्या मध्ये पडतो.

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाशी या प्रश्नाचा संबंध कापसाच्या द्वारे येतो. मुंबईच्या रुईच्या व्यापारातील खंडी ७८४ पौंडांची. हा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. पण ११२ ने भागल्यास बरोबर ७ येतात. एतद्देशीय नाव धारण करणारी ही खंडी वस्तुतः सात ब्रिटिश हंड्रेडवेटांची आहे, आणि मुंबईची ३९२ पौंडांची गाठ तिचा अर्धा भाग, म्हणजे साडेतीन हंड्रेडवेट. मुंबईचा २८ पौंडांचा मण याच साच्यात बसतो : अशा २८ मणांची ती खंडी. विसाव्या शतकातील अमेरिकी गाठ मात्र ५०० पौंडांची धरली जाई. दोन्ही देशांच्या कापसाची तुलना केवळ गाठींच्या संख्येवरून केल्यास मुंबईचा माल वास्तवापेक्षा सुमारे सव्वापट दिसू लागतो. रुईचा भाव आजही ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितला जातो. ते वजन या ७८४ पौंडांचेच रूपांतर होय.

यार्ड व पौंड यांचा प्रश्न पुढे सामोपचाराने मिटला. अमेरिकेने १८९३ मध्येच आपला यार्ड मीटरवरून ठरविला होता. ब्रिटन आपल्या धातूच्या दांड्याला चिकटून राहिल्याने दोहोंत अत्यंत सूक्ष्म अंतर पडले. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका यांच्या शास्त्रीय संस्थांनी यार्ड ०.९१४४ मीटर व पौंड ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे समान मूल्य मान्य केले. अमेरिकी भूमापन खात्याने तेवढा जुना फूट ठेवून घेतला. नव्या फुटाहून तो दशलक्षांत दोन भागांनीच मोठा. पण हजार किलोमीटरांवर हा फरक दोन मीटरांचा होतो. त्याला २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे निरोप देण्यात आला.

गॅलनविषयी असा समझोता झाला नाही. ब्रिटनमध्ये पेट्रोल लिटरने विकले जाऊ लागले आणि इंपीरियल गॅलन मोटारींच्या मैलांच्या हिशेबापुरता उरला. अमेरिकी गॅलनला मात्र पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरींनी दीर्घायुष्य दिले. तेथील उत्पादकांनी १८६६ च्या सुमारास तेलाचे पिंप ४२ गॅलनांचे ठरविले. तोच आकडा इंग्लंडच्या मद्यव्यापारातील 'टिअर्स' या जुन्या पिंपाचा होता. जगाच्या बाजारात खनिज तेलाचा भाव आज ज्या १५८.९८७ लिटरांच्या पिंपावर बोलला जातो, ते पिंप राणी ॲनच्या मद्य-गॅलननेच भरलेले आहे.