औंढ्याची शांत जमीन आणि वाट चुकलेला प्रकाश

दुर्बिणीला अंधाराइतकाच त्रास उजेडाने दिला आहे. सूर्याचा प्रभामंडल बिंबाच्या मानाने सुमारे दहा लाख पटींनी मंद. १९३०च्या सुमारास फ्रान्सच्या बर्नार लिओने बिंब झाकणारी दुर्बीण घडवली, तेव्हा त्याची खरी झुंज भिंगावरच्या धुळीशी आणि ओरखड्यांशी होती, कारण तिथे विखुरलेला उजेडच प्रभामंडल पुसून टाकत होता. अंतराळातल्या ‘आदित्य-एल१’च्या प्रभामंडलदर्शकालाही हीच काळजी घ्यावी लागते. नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची असलेली लायगो-इंडिया वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपणार आहे, ताऱ्यांचा प्रकाश नव्हे. तरीही ती याच परंपरेतली आहे, आणि मराठवाड्याच्या जमिनीचा गतकाळ तिच्या कामी येतो तो या भरकटणाऱ्या प्रकाशामुळेच, असे मला वाटते.

लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर धावतो आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाहूनही सूक्ष्म फरक तो पकडतो. आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेले असतात, म्हणून जमीन हलली तरी ते जवळजवळ स्थिर राहतात. नळी मात्र टांगलेली नसते. आरशावरून किंचित प्रकाश विखुरतो, हलणाऱ्या भिंतीवर आपटतो आणि तिची थरथर घेऊन मूळ झोतात परत मिसळतो. म्हणजे लोलकाने समोरून अडवलेले कंपन मागच्या दाराने आत येते. भिंतीचा हेलकावा लेसरच्या तरंगलांबीहून, म्हणजे सुमारे एक मायक्रोमीटरहून, मोठा झाला की संथ हालचालही वरच्या कंप्रतेचा गोंगाट बनते, आणि लहरींचा संकेत नेमका तिथेच शोधायचा असतो. जर्मनीतल्या संशोधकांनी १९८१ साली या प्रकाशाचा परिणाम पुसण्याची एक पद्धत मांडली. पुढे किप थॉर्न आणि एना फ्लॅनगन यांनी हा प्रकाश अडवणाऱ्या, नळीतल्या आडपडद्यांचा हिशेब केला. त्या पडद्यांच्या कडा मुद्दाम वेड्यावाकड्या दातेरी ठेवतात, म्हणजे कडांवरून वळणारा प्रकाश एका तालात जुळत नाही. पण पडदेही जमिनीबरोबरच हलतात. म्हणून जागेची निवड हा प्रकाशाचाही प्रश्न ठरतो.

औंढ्याची जमीन शांत म्हणून योग्य, या म्हणण्यावर पहिला आक्षेप किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे कोसळली, हजारो माणसे गेली. हिंगोली परिसरातही २०२४मध्ये ४.५ तीव्रतेपर्यंतचे धक्के बसले. मग ही जमीन शांत कशी? आक्षेप गंभीर आहे, आणि बांधकाम भूकंप सोसणारेच हवे. पण भूकंपाचा धोका आणि रोजचे कंपन यांची मापे वेगळी. धक्क्याने वेध थांबतो आणि पुन्हा सुरू करता येतो. समुद्राच्या लाटांचा हेलकावा, आगगाड्या, अवजड यंत्रे मात्र दिवसचे दिवस सतावतात. औंढा दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आहे आणि अवजड कारखानदारी इथे फारशी आलेली नाही. या शांततेत निजामी राजवटीचा आणि १९४८नंतरच्याही उपेक्षेचा वाटा आहे, हे लिहिताना वाईट वाटते. दांडेकर समितीने १९८४मध्ये मोजलेला विकासाचा अनुशेष काही कोणी विज्ञानासाठी राखून ठेवला नव्हता.

मग वेधशाळेसाठी हा भाग मागासच ठेवायचा का? मुळीच नाही. प्रश्न विकास किती हा नसून नळ्यांपासून किती अंतरावर काय चालते हा आहे. २०१६मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटींच्या खर्चासह प्रकल्पाला मंजुरी मिळाली. खडी केंद्रे, सुरुंग आणि अवजड वाहतुकीचे रस्ते यांच्या जागा या अंतराच्या हिशेबाने आत्ताच ठरवता येतात. नाहीतर काय होते ते अमेरिकेत दिसले: लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगो वेधशाळेला आसपासच्या वृक्षतोडीमुळे आणि आगगाड्यांमुळे दिवसा वेध घेणे अवघड झाले होते, आणि ती उभी राहून गेल्यावर, २००४च्या सुमारास, तिथे द्रवदाबावर चालणारी कंपनरोधक यंत्रणा बसवावी लागली.